मीठ म्हणजे औषध नव्हे

(सामुदायिक रेडिओवरील भाषण)

घरातली कामं आटोपली असतील, नसतील तर हात चालू ठेवा आणि कान इकडे द्या. आजचा विषय ऐकून कुणी म्हणेल, "बाई, आपला काय संबंध?" विषय आहे पोहण्याच्या तलावाचा, म्हणजे स्विमिंग पूलचा. त्यातही मिठावर चालणाऱ्या पूलचा.

पण संबंध आहे. अलिबाग, मुरूड, कर्जत, मुळशी, लोणावळा या पट्ट्यात शहरातल्या लोकांचे बंगले झालेत. बंगल्याला पूल असतो. मालक शनिवार-रविवार येतात. बाकीचे दिवस तो पूल कुणाच्या हातात असतो? तुमच्या-माझ्या घरातल्या माणसांच्या. दादा मोटर चालू करतात, ताई जाळीनं पानं काढतात. शिवाय २०२० साली राज्याचं कृषी पर्यटन धोरण आलं. तेव्हापासून काही शेतकरी कुटुंबांनी आणि बचत गटांनी स्वतःच पाहुणे ठेवायला सुरुवात केली आहे. पाहुण्यांच्या मुलांना पाणी हवं असतं, म्हणून छोटा पूल बांधला जातो. आणि अलीकडे बांधून देणारा सांगतो, "मिठाचा पूल घ्या. औषध टाकायची कटकटच नाही."

आज मला सांगायचं आहे ते एवढंच की मीठ म्हणजे औषध नव्हे. मिठापासून औषध तयार होतं, आणि ते तयार झालं की नाही हे डोळ्याला कळत नाही. ते तपासूनच बघावं लागतं.

मिठाचा पूल चालतो कसा ते आधी बघू. समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम मीठ असतं. मिठाच्या पूलमध्ये एका लिटरला तीन ते साडेतीन ग्रॅम, म्हणजे समुद्राच्या दहाव्या हिश्शाएवढं. जिभेला जरासं खारट लागेल इतकंच. एवढ्या मिठानं जंतू मरत नाहीत. हे पाणी मोटरीनं एका डब्यातून फिरतं. डब्यात धातूच्या पट्ट्या असतात आणि त्यांतून वीज जाते. विजेनं मिठातला क्लोरीन सुटा होतो आणि पाण्यात मिसळतो. हा क्लोरीन जंतू मारतो. काम झालं की त्याचं पुन्हा मीठ होतं.

म्हणजे मिठाच्या पूलमध्येही क्लोरीनच आहे. आपल्या गावच्या टाकीत जलसुरक्षक टीसीएल पावडर टाकतात, त्यातही काम करतो तो क्लोरीनच. फरक इतकाच की इथं तो जागेवर तयार होतो. वीज गेली, मोटर बंद पडली, पट्ट्यांवर पांढरा थर बसला, की क्लोरीन तयार होणं थांबतं. पाणी मात्र दोन दिवस तसंच निळंशार दिसतं. धोका आहे तो या दोन दिवसांत.

काय धोका? मुलं पोहताना पाणी गिळतात. एकाला हगवण असेल तर ती दहा जणांना लागते. कान फुटतात, डोळे येतात, अंगावर पुरळ उठतं. याहून गंभीर गोष्टही आहे. केरळमध्ये २०२४ साली काही मुलं मेंदूच्या आजारानं दगावली. हा आजार एका सूक्ष्म अमिबामुळे होतो. कोमट गोड्या पाण्यात ती वाढते आणि पाणी नाकात गेलं की मेंदूपर्यंत पोचते. आजार अगदी क्वचित होतो, पण झाला तर बहुतेक वेळा जीव जातो. ज्या पाण्यात क्लोरीन नीट राखलेला आहे त्यात ही अमिबा टिकत नाही. म्हणून तपासणी हवी.

आता तपासायचं कसं? मैत्रिणींनो, इथं तुम्ही नवख्या नाही. जल जीवन मिशनमध्ये गावातल्या पाच-पाच महिलांना पाणी तपासायचा संच वापरायला शिकवायचं ठरलं, आणि तुमच्यापैकी काही जणींनी ते प्रशिक्षण घेतलं असेल. आशाताई नळाच्या पाण्याची ओटी टेस्ट करतात ती तुम्ही पाहिली आहे. पिवळा रंग आला की क्लोरीन आहे. पूलचा संच त्याच जातीचा आहे. दोन नळ्या, थेंबांच्या बाटल्या आणि शेजारी रंगांची पट्टी.

एक गोष्ट मात्र वेगळी. ओटीचा पिवळा रंग सगळा क्लोरीन मिळून दाखवतो, कामाचाही आणि कामातून गेलेलाही. घामाला, लघवीला चिकटून बसलेला क्लोरीन जंतू मारायला फारसा उपयोगी पडत नाही. पूलसाठी डीपीडी नावाचा संच घ्या. त्यात गुलाबी रंग येतो आणि मोकळा क्लोरीन वेगळा मोजता येतो.

नमुना कसा घ्यायचा ते नीट ऐका, कारण निम्म्या चुका इथंच होतात. वरवरचं पाणी घेऊ नका. जिथून पाणी पूलमध्ये परत येतं त्या तोंडाजवळचंही नको. मोटर चालू असताना, कोपरापर्यंत हात बुडवून, खालचं पाणी घ्या. नळी त्याच पाण्यानं आधी दोनदा विसळा. खुणेपर्यंतच भरा. बाटली उभी धरून थेंब मोजून टाका, तिरकी धरली तर थेंब लहान-मोठे पडतात. बोटानं तोंड दाबून नळी हलवू नका, हाताचा घाम मिसळतो. झाकण लावा. रंग बघताना मागे पांढरा कागद धरा आणि सावलीत, दिवसाच्या उजेडात बघा. थेंबांच्या बाटलीवरची मुदत तपासा. ती उन्हात किंवा ॲसिडच्या शेजारी ठेवू नका.

आता आकडे. वही जवळ असेल तर लिहून घ्या. पीपीएम असा शब्द येईल. त्याचा अर्थ एक लिटर पाण्यात एक मिलिग्रॅम.

पहिला मोकळा क्लोरीन. पिण्याच्या नळाला किमान ०.२ पीपीएम लागतो. पूलमध्ये माणसं उतरतात, ऊन लागतं, म्हणून इथं २ ते ४ ठेवायचा. एकच्या खाली गेला तर कुणालाही पाण्यात सोडायचं नाही. आणि एक फसवणूक लक्षात ठेवा. क्लोरीन फारच जास्त झाला तर डीपीडीचा गुलाबी रंग येऊन लगेच उडतो आणि नळी पांढरी दिसते. बघणाऱ्याला वाटतं क्लोरीन नाहीच, आणि तो आणखी वाढवतो. शंका आली तर एक भाग पूलचं पाणी आणि चार भाग क्लोरीन नसलेलं पाणी एकत्र करून पुन्हा तपासा. रंग आला तर आकड्याला पाचानं गुणा.

दुसरा पीएच. पाणी आंबट की तुरट-सोड्यासारखं, ते सांगणारा हा आकडा. ७ म्हणजे मधोमध. पूलला ७.२ ते ७.८ चालतो, ७.४ ते ७.६ उत्तम. याचं महत्त्व काय? पीएच ७.५ असताना क्लोरीनचा साधारण निम्मा भाग जोरानं काम करतो. पीएच ८ झाला की जेमतेम पाव भाग. म्हणजे क्लोरीनचा आकडा बरोबर दिसतो, पण त्याच्या अंगात बळ राहत नाही. मिठाच्या पूलमध्ये पीएच सारखा वर चढतो, कारण त्या डब्यातून बारीक बुडबुडे निघतात आणि पाण्यातला कार्बन डायऑक्साइड उडून जातो. म्हणून "औषधाची कटकट नाही" हे खरं नाही. पीएच खाली आणायला ॲसिड लागतंच.

तिसरी अल्कलिनिटी, पुस्तकात हिला विम्लता म्हणतात. ही पीएचला धरून ठेवते, उतरंडीच्या तळातल्या मडक्यासारखी. ती कमी असेल तर पीएच आज इथं, उद्या तिथं. फार असेल तर पीएच हट्टानं वरच जातो. मिठाच्या पूलला ८० पीपीएमच्या आसपास ठेवावी.

चौथा पाण्याचा जडपणा. २०० ते ४०० चालतो. आपल्याकडे बोअरचं पाणी बऱ्याच ठिकाणी जड असतं. डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, हे तुम्हाला सांगायला नको. असं पाणी पूलमध्ये भरलं आणि पीएच चढला, की डब्यातल्या पट्ट्यांवर पांढरा थर धरतो. पातेल्यात पाणी उकळून धरतो तसाच.

पाचवा स्टॅबिलायझर, म्हणजे सायन्युरिक ॲसिड. उन्हात उघडा क्लोरीन दोन-तीन तासांत बहुतेक उडून जातो. स्टॅबिलायझर त्याला सावली देतो. ५० ते ७० पीपीएम पुरे. जास्त झाला तर क्लोरीनला कामच करू देत नाही, आणि पाणी उपसून टाकल्याशिवाय तो कमी होत नाही. बाजारातल्या बऱ्याचशा क्लोरीनच्या गोळ्यांत हा आधीच असतो, म्हणून रोज गोळ्या टाकायची सवय लावून घेऊ नका.

सहावं मीठ. उरण-पेणच्या बायकांना हे एका वाक्यात कळेल. मिठागरात पाणी उडून जातं आणि मीठ मागे राहतं. पूलमध्येही तेच होतं. उन्हाळ्यात पातळी उतरली तर मीठ टाकायचं नाही, गोडं पाणी भरायचं. मीठ कमी होतं ते पाणी बाहेर गेल्यावर, म्हणजे फिल्टर उलटा धुताना किंवा पावसात तलाव भरून वाहताना. यंत्रावर "मीठ कमी" असा दिवा लागला तरी लगेच गोणी रिकामी करू नका. पट्ट्यांवर थर बसला असेल किंवा थंडीत पाणी गार झालं असेल, तरीही तो दिवा लागतो. आधी मीठ मोजा. जास्त पडलेलं मीठ पाणी काढून टाकल्याशिवाय निघत नाही.

क्लोरीन आणि पीएच रोज. अल्कलिनिटी आठवड्याला. जडपणा, स्टॅबिलायझर आणि मीठ महिन्याला, आणि मोठ्या पावसानंतर. इतकंच वेळापत्रक.

आता किती टाकायचं? त्यासाठी आपल्या पूलमध्ये पाणी किती ते माहीत हवं. लांबी, रुंदी आणि सरासरी खोली फुटांत मोजा, तिघांचा गुणाकार करा आणि त्याला २८.३ नं गुणा. आले ते लिटर. समजा २८ फूट लांब, १६ फूट रुंद, एका टोकाला ३ फूट आणि दुसऱ्या टोकाला ५ फूट खोल, म्हणजे सरासरी ४ फूट. झाले १,७९२ घनफूट, म्हणजे साधारण ५०,००० लिटर.

या ५०,००० लिटरचा हिशोब सांगते. मीठ हवं ३,२०० आणि निघालं २,६००, तर ६०० पीपीएम कमी. त्याला ३० किलो मीठ लागेल. आयोडीन नसलेलं, स्वच्छ, शुद्ध केलेलं मीठ घ्या. मातीचं खडे मीठ नको. थोडं थोडं पसरून टाका, ब्रशनं हलवा, आणि विरघळेपर्यंत मोटर चालू पण मिठाचं यंत्र बंद ठेवा. अल्कलिनिटी १० पीपीएमनं वाढवायची तर साधारण ८५० ग्रॅम खाण्याचा सोडा. पीएच ७.८ वर गेला असेल तर पाव लिटर हायड्रोक्लोरिक ॲसिडनं तो साधारण ०.२ नं उतरतो. हे माप ३० ते ३३ टक्के तीव्रतेच्या ॲसिडचं आहे, म्हणून बाटलीवरचा आकडा वाचा. क्लोरीन तातडीनं १ पीपीएम वाढवायचा तर १० टक्क्यांचं ताजं द्रवरूप हायपोक्लोराइट अर्धा लिटर. पूल मोठा असेल तर त्या पटीत वाढवा, लहान असेल तर कमी करा.

क्रम असा ठेवा. आधी अल्कलिनिटी, मग पीएच, मग क्लोरीन. एका वेळी एकच वस्तू टाका, मोटर चार तास फिरू द्या, पुन्हा तपासा. भाजीत मीठ घालतो तसंच, कमी असेल तर वाढवता येतं, जास्त झालं की पंचाईत.

आता हे मी दोनदा सांगितलं तरी चालेल असं आहे. ॲसिड आणि क्लोरीन, मग तो द्रव असो, गोळी असो की टीसीएल पावडर, कधीही एकत्र येऊ द्यायचे नाहीत. एका बादलीत नाही, एका मगमध्ये नाही, एका फळीवरही नाही. दोन्ही मिसळले की विषारी वायू निघतो आणि छाती धरते. दोन वेगळ्या जातींचे क्लोरीनही मिसळू नका, आग लागू शकते.

ॲसिड हाताळताना रबरी हातमोजे आणि डोळ्यांना गॉगल हवा. पदर खोचून घ्या, ओढणी बांधून घ्या. वारा पाठीमागून येईल असं उभं राहा. प्लॅस्टिकच्या बादलीत आधी पाणी, मग त्यात ॲसिड. ॲसिडमध्ये पाणी कधीच नाही, ते उसळतं. मग खोल बाजूच्या कडेनं हळूहळू सोडा, पाण्यात कुणी नसताना. अंगावर उडालं तर पंधरा-वीस मिनिटं वाहत्या पाण्याखाली धरा. हळद नाही, टूथपेस्ट नाही, फक्त पाणी, आणि मग दवाखाना. पिण्याच्या पाण्याच्या रिकाम्या बाटलीत ॲसिड ओतून ठेवू नका. घरातलं मूल तहानलेलं येतं आणि बाटली तोंडाला लावतं.

हातमोजे आणि गॉगल मालकानं द्यायचे आहेत. मागताना संकोच करू नका. जो लाखो रुपयांचा पूल बांधतो, त्याला हे जड नाही.

आणखी दोन गैरसमज दूर करू. पहिला, "पाण्याला क्लोरीनचा उग्र वास येतोय, म्हणजे पाणी अगदी स्वच्छ." बहुतेक वेळा उलटं असतं. तो वास घामाला आणि लघवीला चिकटलेल्या क्लोरीनचा असतो, आणि डोळे चुरचुरतात तेही त्यानंच. वास आला तर मोकळा क्लोरीन तपासा. आणि पाहुण्यांना उतरण्याआधी अंघोळ करायला सांगा. दुसरा, "क्लोरीन आहे, मग सगळं मरतं." नाही. हगवणीचे काही जंतू नेहमीच्या क्लोरीनमध्ये दहा-दहा दिवस तग धरतात. म्हणून जुलाब होत असलेलं मूल पाण्यात उतरवायचं नाही, ते पाहुण्यांचं असो की आपलं.

शेतकरी बायकांसाठी एक खास गोष्ट. पूलचं पाणी उपसलं की ते भाजीत, भाताच्या खाचरात सोडायचा मोह होतो. इतकं पाणी वाया कशाला घालवायचं, असं वाटतं. पण एका लिटरला तीन ग्रॅम मीठ, आणि त्याचे ५०,००० लिटर, म्हणजे दीड क्विंटल मीठ तुम्ही वावरात टाकता. सांगली-कोल्हापूरकडे क्षारपड झालेल्या जमिनी कुणी पाहिल्या असतील. पांढरी फुटलेली जमीन परत पिकाखाली आणायला वर्षं जातात. विहिरीजवळही हे पाणी सोडू नका. कुठं सोडायचं ते पूल बांधतानाच मालकाशी आणि ग्रामपंचायतीशी बोलून ठरवा.

आता शेवटचा मुद्दा, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा. एक वही करा. तारीख, वेळ, क्लोरीन, पीएच, काय टाकलं, किती टाकलं, तपासणाऱ्याचं नाव. पाच ओळींचं काम आहे. ही वही दोन प्रकारे उपयोगी पडते. एक, उद्या कुणी आजारी पडलं तर बोट आधी तुमच्याकडे दाखवलं जाईल. तेव्हा वही तुमच्या बाजूनं बोलेल. दुसरं, वहीतला आकडा तुम्हाला "नाही" म्हणायचं बळ देतो. पाहुणे आलेत, मुलं कपडे बदलून उभी आहेत, आणि क्लोरीन निघाला अर्धा पीपीएम. मालक फोनवर म्हणतात, "पाणी तर स्वच्छ दिसतंय, सोडा की." अशा वेळी वाद घालू नका. म्हणा, "साहेब, क्लोरीन ०.५ आहे. २ झाला की मी स्वतः मुलांना बोलावते. तीन-चार तास लागतील." आकड्यासमोर आवाज चढवता येत नाही. तळाची फरशी स्वच्छ दिसत नसेल, तरीही पूल बंद. गढूळ पाण्यात बुडणारं मूल दिसत नाही. आणि पाणी कितीही शुद्ध असलं, तरी मोठं माणूस काठावर असल्याशिवाय मुलांना उतरू देऊ नका.

हे काम जाळीनं पानं काढण्याइतकं हलकं नाही. यात मोजमाप आहे, हिशोब आहे, जबाबदारी आहे. म्हणून त्याचा मोबदलाही वेगळा मागा. गटातल्या दोघी-तिघी हे शिकल्या, तर एका वाडीतले चार-पाच पूल त्या मिळून सांभाळू शकतील. गटाच्या पुढच्या बैठकीत हा विषय नक्की काढा. एक डीपीडी संच मागवा, आधी गावच्या नळाच्या पाण्यावर हात बसवा, मग पूलकडे वळा.

मीठ कोणीही टाकेल. ते टाकल्यावर पाण्यात काय झालं, हे सांगणारी बाई गावात हवी, आणि ती तुमच्यातलीच असावी.

पुढच्या भागात भेटू. तोवर स्वतःला जपा. नमस्कार.